इंजिन बदललं, क्लच नवा, तरी रिव्हर्स करकरतो

जुन्या ॲम्बॅसिडरमधलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन काढून १८१७ सीसीचं इसुझू बसवलं, किंवा जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच घराण्यातलं डिझेल टाकलं, की पहिल्या आठवड्यात एक तक्रार ठरलेली असते. इंजिन गोड चालतं, पण रिव्हर्स टाकताना जात्यात खडा आल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्स उतरतो, क्लच प्लेट बदलली जाते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग प्रेशर प्लेट बदलतात, मग बेअरिंग. सगळं नवं आणि तक्रार जुनीच.

कंपनीतून आलेल्या गाडीत पेडल, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर तेलात उतरवणारा), स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाने फोर्क ढकलणारा), फोर्क (बेअरिंग रेटणारा लिव्हर), रिलीज बेअरिंग (प्रेशर प्लेटला दाबून क्लच सोडवणारं), प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) यांचा हिशेब एकत्र बसवलेला असतो. इंजिन बदललं की निम्मे भाग या घरचे आणि निम्मे त्या घरचे होतात. प्रत्येक भाग सुटा तपासला तर उत्तम निघतो, बेरीज मात्र जुळत नाही. म्हणून अशा गाडीत पान्याआधी स्केल आणि व्हर्निअर हातात घ्यावं. मोजमाप न करता बदललेली प्लेट म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन चार-पाच हजार रुपये ठेवून परत येणं.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

"क्लच खराब आहे" एवढ्यावर काम सुरू करू नये. क्लच सुटत नाही, क्लच घसरतो, उचलताना गाडी थरथरते आणि आवाज येतो, ही चार वेगळी दुखणी आहेत. त्यांची औषधंही वेगळी, आणि काही तर एकमेकांच्या उलट. न सुटणाऱ्या क्लचला पुशरॉड लांब करून "बरं" केलं की तोच क्लच पुढच्या महिन्यात घसरायला लागतो.

सुटतो की नाही हे बघायला इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. गिअर न्यूट्रल, पेडल पूर्ण खाली. मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सात रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग आधी जुळवून घेणारी रिंग) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. दहा सेकंदांनंतरही करकर होत असेल तर इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सात जाणारा दांडा, अजून फिरतोय. लगेच टाकल्यावर करकर आणि थांबून टाकल्यावर गुपचूप पडतो, असं असेल तर क्लचला दोष देऊ नका. फिरता शाफ्ट थांबायला एवढा वेळ लागतोच.

पुढची परीक्षा सपाट मोकळ्या जागेत, समोर कुणी उभं नसताना. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा. गाडी पुढे सरकायला बघत असेल तर प्लेट खरोखर सुटत नाहीये. गाडी जागची हलत नाही, पण इंजिन चालू असताना गिअर मात्र करकरतो, असं दिसलं तर संशय पायलट बुशवर घ्यावा. इंजिनच्या क्रँकच्या मागच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणारं हे बुश. ते जाम असेल तर क्रँक प्लेटला न विचारता थेट इनपुट शाफ्टच फिरवतो. हा जोर गाडी ढकलण्याइतका नसतो, पण गिअर अडवायला पुरतो. या एका फरकामुळे निम्म्या गाड्यांची चुकीची दुरुस्ती वाचते.

गिअरबॉक्स जागेवर असताना: पेडल ते फोर्क

पेडल दोन-तीनदा भरभर मारून बघा. त्यानंतर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, मास्टरचं रबर गेलंय किंवा जुना होज दाबाखाली फुगतोय. पेडल अर्धा मिनिट दाबून धरल्यावर गाडी हळूच सरकायला लागली तर मास्टरमधलं तेल रबराच्या कडेने परत जातंय. पंप करून काहीच फरक पडत नसेल तर दोष हिशेबात किंवा आत आहे.

हवा निघत नाही याचं इंजिन बदललेल्या गाडीतलं खास कारण म्हणजे स्लेव्ह सिलिंडरची नवी जागा. ब्रॅकेट करताना तो उलटा बसतो, ब्लीडिंग निपल (हवा काढायचं तोंड) खाली राहतो आणि वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा लिटरभर ऑइल घातलं तरी हलत नाही. निपल सिलिंडरच्या सगळ्यात उंच जागीच हवा. ब्रॅकेट बदलणं शक्य नसेल तर स्लेव्ह सोडून, निपल वर येईल असा हातात धरून, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून आत दाबून हवा काढा आणि मग परत बसवा. लाइनमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलच. घाईत इंजिन ऑइल घातलं तर रबर फुगून दोन्ही सिलिंडर वाया जातात.

आता स्केल घ्या. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने फोर्कच्या टोकाचा प्रवास मोजायचा. तीन-चार वेळा मोजा. साधारण २०० मि.मी.च्या डायाफ्राम क्लचला (थाळीसारख्या एकाच स्प्रिंगचा क्लच) बेअरिंगच्या जागी ७ ते ९ मि.मी. कामाचा प्रवास लागतो, आणि मोकळी फट असेल तर ती वेगळी धरायची. फोर्कचं गुणोत्तर २ असेल, म्हणजे पिव्होटपासून टोक हे पिव्होटपासून बेअरिंगच्या दुप्पट लांब असेल, तर टोकाला १६ मि.मी.च्या आसपास कामाचा प्रवास हवा आणि फटीचे ३-४ मि.मी. त्यावर वेगळे.

तेवढा प्रवास मिळतच नसेल तर सिलिंडरचे व्यास बघा. स्लेव्हचा प्रवास म्हणजे मास्टरचा प्रवास गुणिले दोन्ही व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग. वर्ग लक्षात ठेवायचा, कारण घोटाळा तिथेच होतो. समजा मास्टर ५/८ इंच, म्हणजे १५.८७ मि.मी., आणि त्याचा पिस्टन ३० मि.मी. सरकतो. स्लेव्ह ७/८ इंच, म्हणजे २२.२ मि.मी., असेल तर तो फक्त १५.३ मि.मी. सरकेल. फोर्कनंतर बेअरिंगला ७.६ मि.मी. उरतात. त्यातून दोन मि.मी. फट गेली की साडेपाच, आणि क्लच सुटणार नाही. तुम्ही प्लेट कुठल्याही कंपनीची आणा. त्याच गाडीत ३/४ इंची, म्हणजे १९.०५ मि.मी.चा स्लेव्ह लावला तर टोकाला २०.८ आणि बेअरिंगला १०.४ मि.मी. मिळतात. फट वजा जाता आठच्या वर, काम झालं. पेडल थोडं जड होईल, ते होणारच.

जास्त प्रवासही चांगला नाही. मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही ३/४ इंची लावले तर बेअरिंग १५ मि.मी. आत घुसायला बघतं. डायाफ्रामच्या मधल्या पट्ट्या, म्हणजे फिंगर, क्लच प्लेटच्या हबला (मधल्या भागाला) घासतात आणि डायाफ्राम वाकतो. अशा वेळी पेडलखाली स्टॉपर बोल्ट लावा. क्लच पूर्ण सुटल्यानंतर पेडल आणखी एखादा सेंटिमीटर खाली जाईल, इतपत मोकळीक पुरते.

मास्टरच्या पुशरॉडला पेडल वर असताना सुमारे एक मि.मी. मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक उघडत नाही आणि गरम झालेलं ऑइल लाइनमध्ये कोंडतं. गाडी सकाळी ठीक असते, कावळा नाक्यावरून निघून दहा-बारा किलोमीटर गेलं की क्लच घसरायला लागतो आणि थांबून गार केली की परत ठीक. "गरम झाल्यावर घसरतो" या तक्रारीत आधी हा एक मि.मी. बघावा, प्लेट नंतर.

केबलवाल्या गाडीत आणखी एक गंमत होते. इंजिन बसवताना इंजिन ते चासी जाडी अर्थ पट्टी लावायची राहते. सेल्फचा करंट परतीची वाट शोधत क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबलमधून जातो. आतलं प्लॅस्टिक वितळतं, केबल जड होते आणि महिन्याला एक केबल लागते. मल्टिमीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थ खराब आहे. पट्टी लावा, केबल शेवटची बदला.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, विटांवर नको. बेल हाउसिंगमधली, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागातली, धूळ हवेने उडवू नका. जुन्या फेसिंगमध्ये (प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. मग दोन मापं घ्या, आणि त्यांच्यावर घाई करू नका, कारण इंजिन बदललेल्या गाडीचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

पहिलं माप: प्लेट आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर पूर्ण आवळलेली असताना इंजिनच्या मागच्या चेहऱ्यापासून फिंगरच्या टोकांपर्यंतचं अंतर. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये अडॅप्टर प्लेट असेल तर ती लावून तिच्या चेहऱ्यापासून मोजा. सरळ पट्टी आडवी ठेवून डेप्थ गेजने घेता येतं. दुसरं माप: बेल हाउसिंगच्या चेहऱ्यापासून, फोर्क पूर्ण मागे ढकलून, रिलीज बेअरिंगच्या तोंडापर्यंत. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हातात येते ती खरी फट.

नव्या प्लेटवर ही फट साधारण ७ ते ९ मि.मी. असावी. मघाची दोन मि.मी.ची फट पेडल दाबण्याआधीच्या मोकळ्या खेळाची होती, ही फोर्क पूर्ण मागे ढकलल्यावरची. एवढी कशाला, तर प्लेट झिजते तशी फिंगरची टोकं बेअरिंगकडे मागे सरकतात. प्लेट एकूण दीड-दोन मि.मी. झिजेपर्यंत टोकं पाच-सहा मि.मी. मागे येतात. तेवढी जागा मागे नसेल तर बेअरिंग भिंतीला टेकतं, फिंगर कायमचे थोडे दाबलेले राहतात आणि क्लच अर्ध्या आयुष्यातच घसरायला लागतो.

फट जास्त येण्याचं नेहमीचं कारण अडॅप्टर प्लेटची जाडी. १२ मि.मी.ची प्लेट मध्ये घातली की बेल हाउसिंग १२ मि.मी. मागे गेलं. फ्लायव्हील आणि फिंगर मात्र जागच्या जागी. आठची फट वीस झाली. तिथे लांब पुशरॉड लावणं हा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात चुकीचा उपाय आहे. फोर्क तिरका उभा राहतो, बेल हाउसिंगच्या खिडकीला अडतो आणि बेअरिंग तिरकं दाबलं जातं. पिव्होटचा बॉल तेवढाच उंच करा किंवा उंच बेअरिंग होल्डर करून घ्या. अर्धा प्रवास झाल्यावर फोर्क इनपुट शाफ्टला काटकोनात दिसला पाहिजे.

त्याच १२ मि.मी.नी इनपुट शाफ्टचं टोकही पायलट बुशपासून लांब गेलेलं असतं. टोकाला ग्रीस किंवा शाई लावून गिअरबॉक्स एकदा बसवून काढा. टोक बुशात किती शिरलं ते ठशावरून कळतं. कमी शिरत असेल तर लांब बुश करून घ्यावं लागतं. उलट शाफ्ट लांब पडला तर तो क्रँकला आतून रेटतो. यासाठी गिअरबॉक्स बसवण्याआधी आणि बोल्ट आवळल्यानंतर क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजने बघा. आधी ०.१५ मि.मी. होता आणि नंतर शून्य झाला, तर सेल्फसुद्धा मारू नका, क्रँकचा हा खेळ आवरणारे थ्रस्ट वॉशर खाल्ले जातील. बेल हाउसिंग हाताने ढकलून चेहऱ्याला चेहरा लागलाच पाहिजे. बोल्टने ओढून बसवलेला गिअरबॉक्स काहीतरी मोडूनच बसतो.

सिंटर्ड ब्राँझचं बुश असेल तर बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. ग्रीस भरू नका, त्याने बुशाची छिद्रं बुजतात.

मध्य जुळतो का

उद्यमनगरात अडॅप्टर प्लेट छान होते, लेथ आणि ग्राइंडिंगला कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. गडबड होते ती नमुना देताना. पुठ्ठा ब्लॉकवर ठेवून हातोडीने छाप घेतला आणि त्यावरून भोकं पाडली, तर बोल्ट बसतात पण क्रँक आणि गिअरबॉक्सचा मध्य अर्धा मि.मी. हलतो. बोल्टचं काम फक्त आवळण्याचं, मध्य राखतात डॉवेल पिन, म्हणजे घट्ट बसणाऱ्या खुंट्या. म्हणून आधी डॉवेलची भोकं नेमकी, बोल्टची अर्धा मि.मी. सैल चालतील.

तपासायला डायल गेजचं मॅग्नेट स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवा, काटा बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाला लावा आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवा. एकूण फरक ०.१३ मि.मी.च्या आत असावा. काट्यावर दिसतो तो दुप्पट आकडा असतो, म्हणजे ०.२० दिसलं तर मध्य प्रत्यक्षात ०.१० ने सरकलाय. मग काटा बेल हाउसिंगच्या चेहऱ्यावर लावून तेच पुन्हा करा. दोन्ही चेहरे समांतर नसतील तर इथे कळतं.

मध्य चुकलेल्या गाडीची निशाणी काढलेल्या प्लेटवर लिहिलेली असते: फेसिंग जवळजवळ नवं, पण हबभोवतीचा पत्रा तडकलेला किंवा रिव्हेट सैल. अशी प्लेट हातात आली तर दुकानदाराशी भांडू नका, तिला फिरता फिरता प्रत्येक फेऱ्यात वाकवलं गेलंय.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगची जोडी

बहुतेक अदलाबदलीत फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट नव्या इंजिनची, आणि प्लेटचं हब जुन्या गिअरबॉक्सच्या स्प्लाइनचं (इनपुट शाफ्टवरच्या खाचांचं), अशी जोडी करावी लागते. हब बदलून रिव्हेट मारलेली प्लेट चालते, फक्त ती बसवण्याआधी इनपुट शाफ्टवर घालून फिरवा. कडेला ०.८ मि.मी.च्या वर लचक दिसली तर परत द्या. स्प्लाइनवर ती स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे. ग्रीस बोटाच्या टोकाएवढं, जादा पुसून टाका. डिझेल इंजिनला पेट्रोलच्या प्लेटच्या डॅम्पर स्प्रिंगा (हबभोवतीच्या, झटके झेलणाऱ्या) पुरत नाहीत, त्या थोड्याच दिवसांत खुळखुळायला लागतात.

प्लेट उलटी बसणं ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. डॅम्परचा फुगवटा साधारणतः गिअरबॉक्सकडे. पण अदलाबदलीत एवढ्यावर भागत नाही. नव्या फ्लायव्हीलच्या बोल्टची डोकी उंच असतील तर नीट बसवलेल्या प्लेटचं हबही त्यांना घासतं आणि क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. डोक्यांवर मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा छोटा गोळा ठेवून एकदा आवळून उघडा, किती जागा आहे ते दिसेल.

बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याच्या जुन्या क्लचमध्ये कार्बनचं रिलीज बेअरिंग असतं. ते सपाट रिंगवर टेकण्यासाठी बनवलेलं आहे. तेच डायाफ्रामच्या उघड्या फिंगरवर चालवलं तर काही दिवसांत कार्बनचा भुगा होतो. फिंगरला बॉल बेअरिंगच लागतं. आणि कार्बन बेअरिंगला कायम टेकून ठेवायचं नाही, त्याला मोकळी फट हवीच.

फ्लायव्हीलला ग्राइंडिंग केलं असेल तर एक प्रश्न विचारा: पायरीचं फ्लायव्हील आहे का? असेल तर घासणाऱ्या चेहऱ्यावरून जेवढं काढलं तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या चेहऱ्यावरूनही काढायचं. फक्त आतून अर्धा मि.मी. काढला तर दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. ८ मि.मी.च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला सुमारे २२ ते २५ न्यूटन मीटर. मग फिंगरच्या टोकांची उंची बघा. फरक अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त नको.

घसरणं, थरथर, आवाज

घसरण्याची परीक्षा हँडब्रेक ओढून इंजिन रेटत करू नका, एका झटक्यात नवी प्लेट जळते. सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पेडल दाबा, इंजिन ३००० फेऱ्यांपर्यंत न्या आणि पेडल सोडा. फेरे लगेच खाली आले पाहिजेत. तरंगत राहिले तर घसरतोय. वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ वरच्या गिअरमध्ये घेतला तरी उत्तर मिळतं. कारणं बहुतेक वर येऊन गेली: मास्टरची कोंडी, मागची जागा संपलेली, पायरी चुकलेली. उरलं तेल. क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेलं इंजिन ऑइल काळं आणि पातळ, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेलं चिकट आणि उग्र वासाचं. सील बदलल्याशिवाय प्लेट बदलू नका. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत वापरण्याचा मोह टाळा.

थरथर असेल तर आधी फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ती रबरं. वजनदार डिझेल जुन्या मऊ रबरांवर बसवलं की क्लच उचलताना इंजिन डोलतं. सळई आणि लिव्हरचा क्लच असेल तर डोलणारं इंजिनच सळई ओढतं-सोडतं, म्हणजे गाडी स्वतःच्या पायाने क्लच मारते. बॉनेट उघडा ठेवून कुणालातरी बाजूने बघायला सांगा आणि क्लच सोडत गाडी हलकेच पुढे काढा. फाउंडेशन ठीक असेल तर फ्लायव्हीलवरचे निळे डाग आणि ०.१ मि.मी.पेक्षा जास्त लचक शोधा.

आवाज पेडल दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येत असेल आणि दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. पेडल दाबताच आयडल खाली बसत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर बघा. ती क्लचची तक्रार नाहीच.

गाडी बाहेर काढल्यावर

पहिले ४००-५०० किलोमीटर गावातच, हलक्या पायाने चालवा. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या रांगेमागे अर्ध्या क्लचवर सरकत राहणं नव्या प्लेटला करूळ घाटापेक्षा जड जातं. पाच-दहा फूट मोकळे होऊ द्या आणि मग पुढे घ्या. आरसीवर नव्या इंजिनचा नंबर चढवायचा राहिला असेल तर आरटीओचं ते काम याच दिवसांत उरकून घ्या.

पावसाळ्यात तीन महिने शेडमध्ये उभी राहिलेली गाडी बाहेर काढताना गिअरच पडत नाही, ही तक्रारही याच खात्यात येते, पण दोष वेगळा असतो. गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन आधी न्यूट्रलमध्ये पूर्ण गरम करा आणि बंद करा. मोकळ्या मैदानात दुसरा गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा. गाडी लगेच चालायला लागेल हे धरून चाला. पेडल दाबलेलंच ठेवून ॲक्सिलरेटर द्या-सोडा असं केलं की बहुधा "टक्" असा आवाज होऊन प्लेट सुटते. पुढच्या जूनमध्ये गाडी उभी करताना पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून पेडल दाबलेलं ठेवा.